खोदकामाआधी जमिनीखाली काय आहे ते कसं शोधावं? (ठाणे / नवी मुंबई)

ढोकाळीकर (धागाकर्ता)
आमची सोसायटी ढोकाळीत, चार विंग, इमारती वीसेक वर्षांच्या. पावसाआधी दोन कामं उरकायची आहेत. एक म्हणजे मीटर रूमपासून मागच्या पार्किंगपर्यंत ईव्ही चार्जरची केबल, सुमारे ४५ मीटर चर. दुसरं, मागच्या कंपाउंड भिंतीलगतची ड्रेनेजची जुनी सिमेंटची लाईन काढून १६० मिमीची पीव्हीसी टाकायची. ठेकेदार म्हणतो, जेसीबी लावतो, दोन दिवसांत मोकळं.

आवारातून गॅस, पाणी, फायर हायड्रंट, पंपाची केबल, सीसीटीव्ही असं सगळंच जातं आणि बिल्डरने दिलेल्या ड्रॉइंगमध्ये इमारती सोडून काही नाही. सुरुवात कुठून करायची? लोकेटर (जमिनीखालची केबल-पाइप शोधणारं यंत्र) भाड्याने आणावा का? 'कॉल बिफोर यू डिग' आवारातल्या कामाला चालतं का? विनंती एकच, किस्से नकोत. काय करायचं आणि का, तेवढं सांगा.

मोजपट्टी
'कॉल बिफोर यू डिग' हे दूरसंचार विभागाचं ॲप, २२ मार्च २०२३ पासून सुरू आहे. खोदणाऱ्याने नोंदणी करून जागा, तारीख, कामाचा तपशील भरायचा. त्या पट्ट्यात ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. भराच. पण सूचना जाते ती नोंदणी केलेल्या संस्थांनाच, त्यामुळे कुणाचं उत्तर आलं नाही म्हणजे खाली काही नाही असं धरू नका. शिवाय प्रत्येक संस्था फक्त स्वतःच्या मालाबद्दल बोलते. मीटरच्या पुढची केबल, पंपाची केबल, हायड्रंटची रिंग, आवारातले दिवे हे सगळं सोसायटीचं. त्याची नोंद जगात कुठेच नसते.

म्हणून ॲपबरोबर पत्रंही द्या: महावितरणचं उपविभाग कार्यालय (कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात टोरेंट), महानगर गॅस, पालिकेचं पाणी खातं आणि मलनिस्सारण खातं. पत्रासोबत हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडा आणि त्यात चराचं अंतर न हलणाऱ्या खुणेपासून लिहा. गेटच्या खांबाचा बाहेरचा कोपरा चालेल. मागायच्या दोन गोष्टी: टाकलेल्या लाईनचं ड्रॉइंग, आणि जागेवर येऊन खूण करून देणारा माणूस. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण ड्रॉइंगमधली मापं बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेपासून घेतलेली असतात आणि ती कडच पुढे रुंदीकरणात सरकलेली असते.

चर गेटबाहेर हातभर जरी गेला तरी पालिकेची रस्ता खोदाई परवानगी लागते, आणि साधारण मे अखेरीला ती द्यायची बंद होते. तारखा बघून घ्या.

वायरमन२२
यंत्र आणण्याआधी आवारात एक चक्कर मारा. हातात खडू आणि वही. जमिनीत गेलेली प्रत्येक वस्तू कुठेतरी वर येते, तिची दोन्ही टोकं शोधायची.

वीज: फीडर पिलर आणि मिनी पिलरचं (आवारात वीज वाटणाऱ्या पेट्या) दार उघडून (वायरमनकडून, स्वतः नाही) किती केबल खाली जातात ते मोजा. समजा सहा. मग त्या सहा कुठे वर येतात ते शोधा. पाचच सापडल्या तर सहावी तुमच्या चराखाली आहे असं समजूनच चाला.

दिव्यांचे खांब: एका खांबातून दुसऱ्यात केबल जातेच. गेटचा दिवा, बागेतले बुटके दिवे, मंदिराचा बोर्ड यांच्या केबल नंतर कुणीतरी पुरलेल्या असतात, त्या हातभर खोलसुद्धा नसतात. पेव्हर ब्लॉकखाली, वितीवर.

पाणी: गेटजवळचं पालिकेचं मीटर ते जमिनीखालची टाकी, टाकी ते पंप रूम. बोअरवेल असेल तर तिच्या झाकणाशी पाइप आणि केबल दोन्ही.

फायर: हायड्रंटचे लाल खांब एकमेकांना जोडून बघा, रिंग कशी फिरते ते कळेल. या लाईनमध्ये जॉकी पंप (छोटा पंप) कायम दाब ठेवतो. ती फुटली की दाब पडतो आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो, चर पाहता पाहता भरतो. खोदताना पंप रूममध्ये माहितीचा माणूस हवा. पंप बंद करून ठेवा असं मात्र म्हणत नाही, इमारतीत माणसं राहतात.

आणि पेव्हरकडे नीट बघा. एखादा पट्टा सरळ रेषेत बसलेला असेल किंवा तिथल्या ब्लॉकचा रंग वेगळा असेल, तर तो आधीच्या चराचा पट्टा आहे.

जोडारी
लोकेटर भाड्याने मिळतो, पण चालवणाऱ्या माणसासकट घ्या. नुसतं यंत्र फिरवून "काही वाजलं नाही" हे सगळ्यात धोक्याचं उत्तर.

त्याचे तीन मोड. पॉवर मोड ५० हर्ट्झचा प्रवाह वाहत असेल तरच वाजतो. दिव्यांची केबल दिवसा बंद असते, मग ती वाजणार कशी? ईव्हीची केबल गाडी चार्ज होत नसताना अशीच गप्प असते. म्हणून तपासणीच्या वेळी आवारातले सगळे दिवे, पंप, लिफ्ट चालू ठेवायला सांगा. रेडिओ मोड लांबलचक धातूवर बाहेरून उमटलेले सिग्नल पकडतो, आखूड तुकड्यांवर भरवसा नाही. खरा कामाचा तिसरा: जनरेटर लावून त्या विशिष्ट केबलवर किंवा पाइपवर आपला सिग्नल सोडायचा (३३ किलोहर्ट्झ वगैरे) आणि तो जमिनीवरून माग काढत जायचा. केबलवर सिग्नल सोडायला क्लॅम्प असतो, वायर उघडावी लागत नाही.

फिरवायची पद्धत: चराच्या लांबीने एकदा, मग आडव्या रेषांनी दर मीटरला. नुसतं लांबीने चाललात तर चराला काटकोनात छेदणारी केबल सापडते, समांतर जाणारी निसटते.

खोलीचा आकडा स्क्रीनवर येतो त्यावर विसंबू नका. जवळ दुसरी धातूची लाईन असली की तो आकडा चुकतो. लोकेटर जागा दाखवतो, खोली खड्डाच दाखवतो.

प्लास्टिक अजिबात दिसत नाही. गॅसची पिवळी एमडीपीई, पाण्याची एचडीपीई, पीव्हीसी ड्रेनेज, काही नाही.

लिंबूटिंबू
मग एवढी झिगझिग कशाला? जीपीआर (जमिनीत लहर सोडणारं रडार) आणा सरळ. जमिनीचा एक्स-रेच तो, प्लास्टिकही दिसतं.

खारफुटी
लिंबूटिंबू, जागा कुठली त्यावर अवलंबून आहे. रडारची लहर खारट, ओल्या चिकणमातीत मुरते. वाशी, सानपाडा, नेरूळचा खाडीकडचा भाग, घणसोली या ठिकाणी वर भराव आणि खाली समुद्री चिखल. तिथे बऱ्याच ठिकाणी मीटरभराच्या आतच चित्र धूसर होतं. पावसाळ्यात आणखी वाईट. ढोकाळी-कोलशेतला कोरडा मुरूम असेल तर ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या अँटेनाने बरं चित्र मिळतं. पण भरावात दगडगोटे असले की प्रत्येक दगड पाइपसारखी कमान काढतो. ३२ मिमीची गॅसची सर्व्हिस लाईन आणि एक धोंडा यांत फरक करायला वाचणारा तरबेज लागतो.

४५ मीटरच्या चरासाठी माझं मत: लोकेटर आणि हाताने चाचणी खड्डे पुरे. जीपीआरचे पैसे आवारात पाच-सात प्लास्टिक लाईन छेदत असतील तरच.

पिवळीलाईन
गॅसचं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली की दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

रस्त्यातली एमडीपीई लाईन ४ बारपर्यंतच्या दाबाची असते. सर्व्हिस रेग्युलेटरनंतर दाब १०० मिलिबारच्या आसपास उतरतो आणि शेगडीपाशी २१ मिलिबार. तुमच्या आवारात लाईन कुठून येते ते असं ओळखा: भिंतीवर चढणाऱ्या पिवळ्या जीआय रायझरचे (उभ्या लोखंडी पाइपचे) पाय शोधा, प्रत्येक विंगला किमान एक. तिथून गेटजवळच्या रेग्युलेटरच्या पेटीपर्यंत प्लास्टिक लाईन जमिनीतून येते. ती सरळच येते असं नाही, झाड किंवा टाकी टाळून वळते.

नियमाप्रमाणे पाइपवर १ मीटर माती आणि पाइपच्या ३०० मिमी वर पिवळी इशारा-पट्टी असायला हवी. ठाण्यात काळा दगड वर आला की खोली कमी होते, आणि आधीच्या कुणाच्या खोदकामात पट्टी उपटून फेकलेली असू शकते. पट्टी दिसली तर थांबा, दिसली नाही तरी बेफिकीर होऊ नका.

गॅसच्या लाईनजवळ खोदण्याआधी कंपनीला कळवून त्यांचा माणूस जागेवर बोलवा. लाईनच्या दोन्ही बाजूंना १ मीटर जेसीबी नाही, ब्रेकर नाही, फक्त हात. उघडा पडलेला पाइप मध्ये लोंबकळू देऊ नका, खालून आधार द्या. त्यावर पाय देऊन चरात उतरायची सवय मजुरांना असते, ती आधीच मोडा.

ओरखडा पडला तर? पीई पाइपच्या जाडीच्या १० टक्क्यांहून खोल ओरखडा म्हणजे तो तुकडा कापून बदलायचा, हे काम कंपनीचं. टेप गुंडाळून माती लोटणं म्हणजे पुढच्या माणसासाठी सापळा. स्टीलच्या लाईनवर नुसतं कोटिंग खरवडलं तरी कळवायचं, तिथूनच गंज सुरू होतो.

फुटलीच तर:
सगळ्यांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला दूर न्या. हाताशी असेल तर इंजिन बंद करा, नसेल तर सोडून पळा. दिव्याचं, पंपाचं, लिफ्टचं बटण चालूही नाही आणि बंदही नाही. फोन लांब गेल्यावर करा: गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक (पिवळ्या खुणेच्या पाटीवर आणि बिलावर असतो) आणि अग्निशमन दल. क्रमांक काम सुरू होण्याआधी मुकादमाच्या फोनमध्ये घालून ठेवा.

पाइप दुमडून बांधायचा प्रयत्न करू नका. प्लास्टिकमधून गॅस जोराने सुटताना पाइपवर स्थिर वीज साठते, हात लावल्यावर ठिणगी पडू शकते. कंपनीची माणसं ओलं कापड आणि दाबून बंद करायचं खास अवजार घेऊन येतात.

आणि माती लोटू नका!! हे सगळ्यात जास्त होतं. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, उघड्यावर तो वर जाऊन विरळ होतो. वरून माती टाकली की तो आडवा सरकतो, केबलच्या डक्टमधून, ड्रेनेजमधून, पार होऊन तळघरात किंवा मीटर रूममध्ये निघतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. मातीतून झिरपताना त्याचा वासही कमी होतो, त्यामुळे "आता वास येत नाही" यावर जाऊ नका.

कळवा७८
जोडून: पेट घेतलेला गॅस विझवायलाही जाऊ नये. जळतोय तोवर साठत नाही. पुरवठा बंद झाला की आपोआप विझतो. आजूबाजूचं पेटू नये एवढं बघायचं.

वायरमन२२
केबलची खोली. आयएस १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे घरगुती दाबाची केबल ०.७५ मी, ३.३ ते ११ केव्ही ०.९ मी, २२ आणि ३३ केव्ही १.०५ मी. हे टाकतानाचे आकडे. नंतर रस्ता चढला किंवा उतरला, फूटपाथ फुटून पुन्हा झाला, की आकडे बदलतात. त्यामुळे "केबल मीटरभर खाली असते, आपण दोन फूटच खोदतोय" हा हिशेब करू नये.

केबल दिसायच्या आधी रेती दिसते. पद्धतशीर टाकलेल्या केबलखाली आणि वर रेतीचा थर, त्यावर आडव्या विटा किंवा सिमेंटच्या फरशा. ठाण्याच्या लालसर-करड्या मुरमात रेती आपोआप येत नाही. फावड्यावर मुरमाऐवजी मऊ, सारखी रेती आली, किंवा ओळीत मांडलेल्या विटा लागल्या, की पहार बाजूला ठेवायची. आता पुढचं फावडं वरून खाली मारायचं नाही, बाजूने खरवडायचं.

केबलला धक्का लागला आणि फीडर ट्रिप झाला, म्हणजे केबल मेली नाही. उपकेंद्रातला माणूस फॉल्ट शोधायला फीडर पुन्हा चार्ज करून बघतो. तेव्हा कुणाचा हात तिच्यावर असला तर संपलं. महावितरणने लेखी सांगेपर्यंत ती चालू आहे असं धरायचं.

जेसीबीचा दात केबलमध्ये रुतलेला असेल तर चालकाने केबिनमध्येच बसायचं आणि बाकीच्यांनी लांब राहायचं. आग लागल्यामुळे उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जुळवून उडी, मशीन आणि जमीन एकाच वेळी शिवायची नाहीत, मग पाय न उचलता घासत लांब जायचं.

नुसतं वरचं आवरण फाटलं, काही ट्रिप झालं नाही, तरी कळवा. तिथून पाणी शिरतं आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत केबल उडते. जून-जुलैत अर्धं ठाणं अंधारात बसतं त्यातले कितीतरी फॉल्ट एप्रिल-मेच्या कुदळीचे असतात.

पहारवाला
चाचणी खड्ड्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

जिथे चर एखाद्या लाईनला छेदेल असं वाटतं तिथे आधी एक खड्डा, हाताने. लाईनच्या अंदाजे दिशेला आडवा, म्हणजे लाईन मधोमध कुठेतरी सापडेल असा: लांबी १ मी, रुंदी अर्धा मी, खोली तुमच्या चराच्या तळापेक्षा वीतभर जास्त. अंदाज एक फूट चुकला तरी मीटरभर लांबीत लाईन गावतेच.

अवजारं: वरचे पेव्हर हाताने उचला. खाली पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट) असेल तर ब्रेकर फक्त तेवढा थर फोडायला, छिन्नी खाली शिरली की बंद. कधीकधी केबल पीसीसीमध्येच ओतलेली असते, म्हणून १०० मिमीच्या वर जाड लागला तर थांबून विचारा. मग फावडं आणि घमेलं. टोकदार कुदळ आणि पहार डोक्यावरून मारायची नाही. घट्ट मुरूम पहारीने बाजूने उकरून सैल करायचा. दांडे लाकडी, पायात गमबूट. रबरी हातमोजे घातले म्हणून केबलला हात लावायची परवानगी मिळत नाही.

लाईन सापडली की तिचं माप घ्या, फोटो काढा, पेव्हरवर ऑइल पेंटने खूण करा. फक्कीने आखलं तर एका पाण्याच्या फवाऱ्यात साफ.

दोन खड्ड्यांमध्ये लाईन सरळ आहे असं धरून जेसीबी घालू नका. दोन्ही खड्ड्यांत माप सारखं आलं तरी मध्ये वळण असू शकतं. जेसीबी लावायचाच असेल तर दात नसलेलं बकेट, एका वेळी वीतभराचा थर, आणि बकेटकडे बघणारा एक माणूस ज्याला दुसरं काहीच काम नाही. चालकाला वरून चराचा तळ दिसत नाही.

घोडबंदरी
वरचं सगळं चर खोदून टाकलेल्या लाईनला लागू. ड्रिलिंगने (एचडीडी) ओढलेल्या लाईनचं काय? रस्ता न फोडता मशीनने आरपार भोक पाडून डक्ट ओढतात. फायबर तर बरीच, गॅस आणि हाय टेन्शन केबलही. यात रेती नाही, विटा नाहीत, पट्टी नाही, वर पॅच नाही. खोली एका टोकाला १ मीटर तर मध्ये ३. पुरावा फक्त दोन टोकांचे बुजवलेले खड्डे.

दुसरा त्रास म्हणजे ड्रिल जाताना ड्रेनेजच्या पाइपच्या पोटातून आरपार जातं आणि कुणाला कळत नाही. ड्रेनेज चालू राहतं, फक्त सारखं तुंबतं. ढोकाळीकर, तुमची जुनी लाईन का बदलताय? वारंवार तुंबत असेल तर सळई किंवा जेटिंग (जोराच्या पाण्याने सफाई) घालण्याआधी आतून कॅमेरा फिरवा. आत पिवळा पाइप निघाला तर जेटिंगचं नोझल त्यालाच कापेल.

मेट्रो ४ च्या कामात कापूरबावडी ते कासारवडवली लाईनी हलवल्यात, आता सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घेतायत. त्या पट्ट्यातला जुना नकाशा दाखवून कुणी खात्री देत असेल तर हसून सोडून द्या.

ढोकाळीकर
हो, वर्षातून तीन-चारदा तुंबते. कॅमेऱ्याचं डोक्यातच नव्हतं. ईव्हीच्या अर्थिंगसाठी दोन पिट पण आहेत, ३ मीटरचा रॉड ठोकायचा म्हणतोय इलेक्ट्रिशियन.

जोडारी
ठोकायच्या आधी त्या जागी हाताने दीड मीटर खड्डा, मग त्याच्या तळातून रॉड. वरून घणाने ठोकलेला रॉड एकाच वेळी अर्थिंगही असतो आणि भालाही.

तसं बघितलं तर ४५ मीटर चर हवाच का? मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत स्टिल्टचं छत सलग असेल तर जीआय केबल ट्रे लावून वरून न्या. खर्च जवळपास तेवढाच, पुढे दुसरा चार्जर आला तर त्याच ट्रेमध्ये केबल टाकता येते, आणि जमीन उकरायची भानगड दहा मीटरवर येते.

तुर्भेकर
नवी मुंबईकरांसाठी थोडं. सिडकोच्या नोडमध्ये वाहिन्या फूटपाथखाली बऱ्यापैकी शिस्तीत आहेत, गावठाणात शिरलात की शिस्त संपली. टीटीसी या औद्योगिक पट्ट्यात (तुर्भे, पावणे, महापे, रबाळे) एमआयडीसीचं पाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी अशा वेगळ्या लाईन आहेत, त्यासाठी पालिकेला विचारून उपयोग नाही, एमआयडीसीला विचारा. चरात रंगीत किंवा उग्र वासाचं पाणी आलं तर माणूस वर काढा आणि मगच शोध घ्या.

शहराबाहेरच्या प्लॉटवर तेल आणि वायूच्या लांब पल्ल्याच्या लाईन असतात. मुंबई-पुणे-सोलापूर ही एचपीसीएलची लाईन वाशीवरून जाते, ठाणे जिल्ह्यातून बीपीसीएलची मुंबई-मनमाड. यांच्या पट्ट्यात १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने बांधकाम, विहीर, झाड सगळ्याला मनाई आहे. शेतात खुणेचे खांब दिसले की जमीन तुमच्या नावावर असली तरी आधी कंपनीला विचारायचं.

थेट गॅसच्या मोठ्या लाईनला धक्का लागला तर काय होतं ते नोव्हेंबर २०२५ ला सगळ्यांनी बघितलं. चेंबूरच्या आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गेलची लाईन दुसऱ्या कुणाच्या कामात फुटली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सीएनजीसाठी रिक्षांच्या रांगा लागल्या.

मोजपट्टी
खोलीवरून आठवलं, बोअरवेल मारणाऱ्यांनाही हे लागू. ठाण्यात बोअर मारताना मुंबई महापालिकेच्या ५५०० मिमी व्यासाच्या जलबोगद्याला भोक पडलं, आणि दुरुस्तीसाठी मुंबईत ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवस १५ टक्के पाणीकपात होती. जमिनीवर त्या बोगद्याची काही खूण नाही. लोकेटर नाही, जीपीआर नाही, तिथे फक्त कागदच वाचवतो. ठाण्यात बोअर मारायच्या आधी ठाणे पालिकेबरोबर मुंबई पालिकेच्या जल अभियंता खात्यालाही विचारायचं.

नळदुर्ग
पाण्याच्या लाईनबद्दल एकच. वळणावर किंवा बंद टोकाशी काँक्रीटचा ठोकळा असतो. पाण्याचा धक्का तो मागच्या मातीवर टाकतो. चर नेमका त्या ठोकळ्याच्या पाठीमागून गेला की आधार जातो आणि लाईनला हातही न लावता सांधा निखळतो. रात्री पाणी सुटल्यावर निखळतो, मजूर घरी गेलेले असतात. ठोकळा दिसला तर चराचा मार्ग बदला.

ड्रेनेज आणि पिण्याच्या पाण्याची लाईन एकाच चरात नको. पाणी ठरावीक तास येतं, बाकी वेळ लाईन रिकामी असते, सांधा सैल असेल तर बाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं.

पहारवाला
आणखी एक राहिलं, आणि या धाग्यात ते गॅसच्या बरोबरीचं आहे. कंपाउंड भिंत!

ढोकाळीकर, ड्रेनेज "भिंतीलगत" लिहिलंय. भिंत काळ्या दगडाची असेल तर पाया बहुधा दीड-दोन फूटच. १६० मिमीच्या लाईनला १०० ला १ उतार दिला तर समजा ४५ मीटरच्या लाईनवर खालचं टोक ४५ सेंमी आणखी खोल जातं. म्हणजे पुढच्या भागात तुमचा चर पायाच्या खाली उतरणार. पलीकडे भराव किंवा रस्ता असेल तर भिंत चरात येते, आणि चरात माणूस वाकलेला असतो. पावसात तर नक्कीच.

आधी भिंतीचा पाया बघायला दोन ठिकाणी खड्डा घ्या. पायाच्या तळापासून ४५ अंशांची रेषा खाली आखा, चराचा तळ त्या रेषेच्या बाहेर राहिला पाहिजे. जागाच नसेल तर दोन-दोन मीटरचे तुकडे: खोदा, पाइप टाका, भरून ठोका, मग पुढचा. सलग उघडा चर भिंतीला समांतर एक रात्रही ठेवू नका. दीड मीटरहून खोल गेलात तर फळ्यांचा आधार, शिडी, आणि काढलेली माती काठापासून दीड मीटर लांब. जेसीबीही काठावर उभा करू नका, त्याचं वजन साडेसात टनांच्या आसपास असतं.

कळवा७८
वीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत ड्रेनेजला जोडण्याआधीची सेप्टिक टाकी असू शकते. वर स्लॅब, त्यावर पेव्हर, आत पोकळ. पेव्हरवर पहार आपटून आवाज ऐका, पोकळ वाजलं तर मशीन तिथे नेऊ नका. टाकी किंवा जुना चेंबर उघडला तर आत कुणालाही उतरवायचं नाही, विषारी वायू दोन श्वासांत माणूस पाडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तसं उतरवणं गुन्हाही आहे. सक्शनची गाडी बोलवा.

अवांतर
गणपती-नवरात्रीच्या मंडपाचे बांबू पण याच धाग्यात घ्या. रस्त्यात पहारीने हातभर भोक पाडतात, फूटपाथलगत, जिथे दिव्यांची केबल असते तिथेच. वाळू भरलेल्या डब्यांत बांबू उभे करणं हाच मार्ग. पालिका खड्ड्यांसाठी दंड लावते ते वेगळं.

ढोकाळीकर
सगळ्यांचे आभार. आता ठरवलंय ते असं: ईव्हीची केबल स्टिल्टमधून ट्रेवर, फक्त शेवटचे ९ मीटर जमिनीतून. ड्रेनेजमध्ये आधी कॅमेरा. पत्रं सोमवारी जातील, ॲपवर नोंदही त्याच दिवशी. चाचणी खड्डे चार: गेटजवळ एक, बी विंगच्या रायझरसमोर एक, मागच्या भिंतीला पायासाठी दोन. लोकेटरवाला शनिवारी सकाळी ११ ला येतोय. काही चुकतंय का?

जोडारी
सकाळी ११ ला दिवे बंद असतील, टायमर असेल तर हाताने चालू करून ठेवायला सांगा. आणि तो जनरेटर व क्लॅम्प आणतोय ना, फोन करून विचारा. नुसतं दांडीसारखं यंत्र घेऊन आला तर परत पाठवा.

पिवळीलाईन
गेटजवळचा खड्डा कशासाठी? तुमचा चर तिथून जातच नाही. तोच खड्डा ९ मीटरच्या पट्ट्यात घ्या, जिथे तो सी विंगच्या रायझरकडे जाणाऱ्या लाईनला छेदेल तिथे. गॅसचा माणूस आल्यावरच तो खणा. नवीन केबल गॅसच्या पाइपपासून किमान ३०० मिमी लांब ठेवा.

वायरमन२२
९ मीटर भरताना: तळाला ७५ मिमी रेती, केबल, वर पुन्हा रेती, त्यावर विटा आडव्या, मग मुरूम थरांनी ठोकून, पृष्ठभागाच्या ३०० मिमी खाली इशारा-पट्टी. भरायच्या आधी टेप अंथरून फोटो, आणि प्रत्येक वळणाचं माप इमारतीच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांपासून. एकाच कोपऱ्यापासून घेतलेलं माप नंतर जागा देत नाही. तो कागद मीटर रूमच्या दाराला आतून चिकटवा, सेक्रेटरी बदलला की फाइल हरवते.